काबरी खुडूक बसली

आवणीच्या, म्हणजे भात लावायच्या दिवसांत आमच्या इगतपुरीकडं कुणी कुणाला 'बरं आहे का' असं विचारत नाही. सगळ्यांच्याच कमरा मोडलेल्या असतात, सगळ्यांच्याच पायांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असतात. उगाच विचारून तोंड कशाला वाजवायचं! पाऊस आठवडा आठवडा दम खात नाही. माणसं पाठीवर प्लास्टिकचा कागद बांधून सकाळी भाताच्या खाचरात वाकतात ती दिवस मावळायला सरळ होतात. काही तेव्हाही होत नाहीत.

मालनबाई त्या न होणाऱ्यांपैकी. साठी उलटली तरी सावडीला पहिली हजर. सावड म्हणजे आज याच्या, उद्या त्याच्या खाचरात सगळ्यांनी मिळून रोप लावायचं, आणि ज्याचं खाचर त्यानं दुपारचं जेवण घालायचं. त्या दिवशी लंकाबाईची पाळी होती. दिवसभर तिच्या शेतात राबून मालनबाई घरी आली, कागद खुंटीला अडकवला आणि चुलीपाशी न जाता पडवीच्या कोपऱ्यात गेली. तिथं बांबूच्या डालग्यात, भाताच्या पेंढ्यावर, काबरी कोंबडी खुडूक होऊन अंडी उबवत बसली होती.

"आत्याबाई, आज बी तिनं दाना नाय खाल्ला," सून पूजा चुलीपाशून म्हणाली.

"खुडूक कोंबडी खाती कुठं? तिचं ध्यान अंड्यांत."

"पानी बी नाय प्याली. मी उचलून अंगनात सोडली तर बदकावानी चालली. आन चोच उघडी टाकून दम घेती. पोट बघा जरा तिचं."

मालनबाईला हे आवडलं नाही. कोंबड्यांच्या बाबतीत तिला कुणी 'बघा' म्हणायचं म्हणजे काय! अख्ख्या गावात कोंबडी खरंच खुडूक झाली आहे की नुसतीच रुसून बसली आहे, हे सांगावं मालनबाईनं. बायका काखेत कोंबडी मारून तिच्या दारात यायच्या. ती कोंबडीच्या पोटाखाली पालथा हात घालायची, क्षणभर डोळे मिटायची आणि सांगायची, "बसव अंडी," नाहीतर, "कशाला वाया घालवती, सोड तिला." तिचा पालथा हात चुकला असं कुणी म्हटलेलं गावाला आठवत नव्हतं. निदान तिच्यासमोर तरी कुणी म्हटलेलं नव्हतं.

तोच पालथा हात तिनं आता काबरीखाली घातला. ऊब होती. खुडूक कोंबडीला असते तशीच, तव्यासारखी. पण त्या उबेच्या मागं पोट टम्म फुगलेलं होतं आणि हात हलवला की आत पाणी हलत होतं. मालनबाईनं हात बराच वेळ तिथंच ठेवला. मग काढला आणि लुगड्याला पुसला.

काबरी काही साधीसुधी कोंबडी नव्हती. उन्हाळ्यात गावात मानमोडी आली तेव्हा घराघरातली खुराडी रिकामी झाली. सकाळी दार उघडावं तर कोंबड्या माना वाकड्या करून पडलेल्या. मालनबाईच्या दारातला सगळा कळप गेला. राहिली ती काबरी आणि तांबडा कोंबडा. त्याआधी एकदा या काबरीनं मुंगसाशी भांडून पिलं राखली होती. त्या भांडणात तिच्या उजव्या पायाचं एक बोट गेलं, पण पिलू एकही गेलं नाही. मालनबाई हे सांगायला लागली की ऐकणाऱ्याला वाटे, मुंगसाशी ही स्वतःच भांडली असावी. आता डालग्यातली अंडी काबरीची स्वतःची होती, मानमोडीनंतर घातलेली. ती फुटून पिलं निघाली तर तो वाण पुढं चालणार. नाहीतर घोटीच्या बाजारातून कुणाच्याही कोंबड्या आणायच्या आणि काबरीच्या नुसत्या गोष्टी सांगत बसायचं.

मुलगा वाळू रोपाच्या उरलेल्या जुड्या पडवीत टाकत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"मंग उद्या कापू तिला," तो म्हणाला. "उद्या आपली सावड हाय. लंकामावशीनं आज बॉयलर घातली. आपन गावठी घालू. लोकं वर्षभर नाव काढतील."

"आजारी जनावर लोकांच्या ताटात वाढून नाव काढायचंय व्हय रे तुला?"

"कुनाला कळायचंय, आये? झनझनीत मसाला टाकला की—"

"मला कळायचंय," मालनबाई म्हणाली.

वाळूचंही अगदीच चुकत होतं असं नाही. दुपारी लंकाबाईच्या बांधावर ताटं मांडली तेव्हा मालनबाईच मोठ्यानं म्हणाली होती, "बॉयलरला काय चव! कापूस खाल्ल्यावानी लागतं." लंकाबाईनं ऐकलं होतं आणि तिच्या ताटात मुद्दाम आणखी दोन फोडी टाकल्या होत्या. आता उद्या आपल्या बांधावर काय, हा प्रश्न वाळूला पडणारच.

पूजानं काबरीचा फोटो काढून तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरला पाठवला. फोन आला तेव्हा ती भाकरी थापत होती, म्हणून मालनबाईनंच तो कानाला लावला. डॉक्टर माणूस बरा होता, घाईत असून नीट बोलला. पोटात पाणी झालंय, म्हणाला. म्हाताऱ्या कोंबड्यांना होतं असं. सुईनं काढता येईल, पण परत भरेल. औषधानं ती बरी होईल असं मी सांगणार नाही.

"आठवडा काढंल का, सायेब?"

"काढेलही कदाचित. पण हाल होतील, बाई. ओढत ठेवू नका. आणि खाऊ नका."

"खायला कोन बसलंय," मालनबाई म्हणाली आणि फोन सुनेकडं दिला.

आठवडा तिनं उगाच विचारला नव्हता. अंडी फुटायला तेवढाच अवकाश होता. जेवताना तिनं हिशेब बोलून दाखवला. पिलं बाहेर पडू देत, मग काबरीचं काय ते बघू. वाळूनं खोक्यात बल्ब लावून अंडी ठेवायची तोड सुचवली. पूजानं वर बघितलं. घरात चिमणी जळत होती. लाइट परवा गेली होती आणि पाऊस असाच राहिला तर कधी येईल ते बोर्डाच्या देवालाच ठाऊक. तिघंही हसली.

"बसंल ती," मालनबाई म्हणाली. "काबरी हाय. जीव गेला तरी अंड्यावरनं उठायची नाय."

"नाय उठायची," पूजा म्हणाली. "ती बसंलच, आत्याबाई. पन आपन तिला बसवायचं का?"

मालनबाईनं ताटातला भात चिवडला आणि तशीच उठली. सुनेचा राग आला होता. त्याहून जास्त राग आपल्या पालथ्या हाताचा आला होता. गावभरच्या कोंबड्या पारखल्या आणि घरची चुकली! दुखण्यानं बसलेल्या कोंबडीला खुडूक समजून तिच्याखाली अंडी सारली. हे गावात कळलं तर उद्यापासून दारात कोण येणार?

सकाळी बघितलं तर अंडी हिरवट पाण्यानं बरबटली होती. खुडूक कोंबडी कधी अंडी घाण करत नाही. दिवसातून एकदा उठते, लांब जाऊन घाण करते आणि परत येते. काबरीला आता उठताच येत नव्हतं. तुरा निळसर पडला होता. डोळे मिटत होते, उघडत होते. प्रत्येक श्वासाला शेपूट खालीवर होत होतं. तरी मालनबाईचा हात जवळ गेला तशी तिनं पिसं फुलवली आणि घशातून गुरगुरली.

मालनबाई तिच्यासमोर उकिडवी बसली. बाहेर वाळूची हाक आली, माणसं यायची वेळ झाली होती. मग ती म्हणाली, "पूजे, मोबाईलची बत्ती लाव."

एकेक अंडं तिनं बत्तीवर धरलं. आत लाल शिरा दिसत होत्या, मधेच काळं काही तरी हलत होतं. पूजा प्रत्येक वेळी "हाय, हाय" म्हणत होती. एकच अंडं रिकामं निघालं, नुसतं पिवळं. ते मालनबाईनं परत काबरीखाली ठेवलं. एकेक अंडं काढताना काबरीनं तिला असं चोचलं की अंगठ्यामागचं कातडं निघालं आणि रक्त आलं. मालनबाईनं हात मागं घेतला नाही. कोंबडी चोचत राहिली आणि ती काढत राहिली.

"कुठं नेताय?" पूजानं विचारलं.

"लंकीकडं."

पूजानं तोंडाला पदर लावला. तिला ठाऊक होतं. मानमोडीत लंकाबाईचं खुराडंही रिकामं झालं, तेव्हा तिनं घोटीच्या बाजारातून एक पांढरी कोंबडी आणली. ती अंडी घालायच्या ऐवजी खुडूक बसली. लंकाबाई मालनबाईच्या दारात आली आणि काबरीची चार अंडी तिच्याखाली बसवायला मागितली. मालनबाईनं पालथा हात घालून कोंबडी खुडूक असल्याचं सांगितलं, आणि वर म्हणाली, "पन बाजारातल्या कोंबडीखाली काबरीची अंडी? त्यापरास आमलेट करून खाईन मी." हे चार बायकांसमोर म्हणाली. अंगणात, मोठ्यानं. लंकाबाई कोंबडी काखेत मारून निघून गेली होती.

पूजानं चुलीवर भाताचा कोंडा कोमट केला. वाळूच्या लोकरीच्या टोपीत तो भरून मालनबाईनं त्यात अंडी ठेवली, टोपी चोळीला लागून पोटाशी बांधली, वरून पदर, त्यावर कागद, आणि वाकून निघाली. दोन्ही हात पोटावर. चिखलातून पाय टाकताना एरवी ती धडाधड चालायची. आज नव्या गरवारशीसारखी जपून चालली. वाटेत सावडीची माणसं तिच्या खाचराकडं निघालेली भेटली. "कुठं गं, उलटी चालली?" कुणी विचारलं. "आले," एवढंच ती म्हणाली.

लंकाबाई दारातच होती. हातात पाण्यानं भरलेली बादली आणि बादलीत मानेपर्यंत बुडवलेली पांढरी कोंबडी. कोंबडीच्या नाकपुडीतून आडवं पीस ओवलेलं. खुडूक मोडायचे हे सगळे जुने उपाय लंकाबाईनं करून बघितले होते आणि ती कोंबडी सगळ्यांना पुरून उरली होती.

"लंके, ती अजून खुडूकच हाय ना?"

"तूच सांगितलं व्हतंस."

"बाहेर काढ तिला. अंडी आनलीत."

लंकाबाईनं कोंबडी बाहेर काढली नाही. तिनं मालनबाईच्या पोटाकडं बघितलं, मग तोंडाकडं. "कोनाची?"

"काबरीची."

"काबरीची! आन आमलेटचं काय झालं?"

मालनबाईच्या कपाळावरून पाणी ओघळत होतं. पुसायला हात मोकळा नव्हता.

"काय म्हनली व्हतीस तवा? मला नीटसं आठवत नाय," लंकाबाई म्हणाली. तिला अक्षर न् अक्षर आठवत होतं.

"म्हनले व्हते," मालनबाई म्हणाली, "का बाजारातल्या कोंबडीखाली काबरीची अंडी बसवन्यापरास आमलेट करून खाईन. चार जनींसमोर म्हनले व्हते. आता तुझ्या दारात उभी हाय. अंडी गार व्हतील, लंके."

लंकाबाईनं कोंबडी बादलीतून काढली. नाकातलं पीस ओढून फेकलं. "आत ये," म्हणाली. चुलीपाशी बसून दोघींनी ती भिजलेली कोंबडी फडक्यानं पुसली, चुलीच्या उबेला धरली, पुन्हा पुसली. कोंबडी बिचारी गोंधळून गेली होती. इतके दिवस पाण्यात बुडवत होते आणि आज शेकत होते.

"पिलं अर्धी माझी," पुसता पुसता लंकाबाई म्हणाली.

"घे."

"आन निवड पहिली माझी."

इथं मालनबाईचा हात थांबला. पहिली निवड म्हणजे उंच पायांची, तेज डोळ्यांची पिलं लंकीच्या दारात जाणार. काबरीचा खरा वाण तिकडं. पण पोटाशी बांधलेल्या टोपीतली ऊब तिला कळत होती, ती कमी होत होती हेही कळत होतं.

"तुझी," ती म्हणाली.

कोंबडी सुकल्यावर तिच्याखाली अंडी सारली. तिनं एकदा अंग हलवलं, चोचीनं अंडी आत ओढून घेतली आणि पसरून बसली. दोघी बघत राहिल्या. लंकाबाईनं मग हळूच विचारलं, "काबरीला झालं काय?"

हे सांगणं मालनबाईला अंडी घेऊन दारात येण्याहून जड गेलं. "पोटात पानी झालंय. आधीपासून असंल. मी खुडूक समजले. माझा हात चुकला, लंके."

लंकाबाईनं तिचा हात धरून उजेडाकडं ओढला. अंगठ्यामागं सालटं निघून रक्त साकळलं होतं. "हे कशानं?"

"अंडी काढताना चोचली."

"आजच?"

"आता. यायच्या आधी."

"मंग कसला चुकला हात!" लंकाबाई जवळजवळ ओरडलीच. "नुसती आजारी कोंबडी चोचती व्हय? तिला उचल का आपट, मान टाकून पडती. खुडूकच हाय ती. आजारी बी हाय आन खुडूक बी हाय. तू नाय का मागल्या साली अंगात ताप असून माझं खाचर लावलंस? मी म्हनलं घरी जा, तर माझ्यावरच वसकन आलीस."

मालनबाईनं मान खाली घातली. डोळे भरून आले ते तिनं पदरानं पुसले आणि त्याच पदरानं नाकही पुसलं. मग उठली. दाराबाहेर पडताना कागद पाठीवर घ्यायचा राहिलाच.

"तिला कापनं तुझ्यानं व्हनार नाय," लंकाबाई मागून म्हणाली. "मी येऊ का?"

"माझी कोंबडी हाय. मीच करीन."

घरी आली तर काबरी त्या एका रिकाम्या अंड्यावर पसरून बसली होती. दम लागलेला, डोळे अर्धे मिटलेले, पण पिसं तशीच फुगवलेली, पंख खाली पसरून चार दिशांनी अंडं झाकलेलं. वाळू विळा घेऊन उभा होता. मालनबाईनं विळा त्याच्याकडून घेतला, चुलीपुढच्या दगडावर पाणी टाकून घासला, बोटानं धार बघितली आणि पुन्हा घासला.

"तू खड्डा खन," ती म्हणाली. "बांधाला, करंजाखाली. कुत्र्यानं उकरता कामा नये."

तिनं काबरीला उचलून मांडीत घेतलं आणि अंडंही घेतलं. ते तिच्या पोटाखाली लुगड्याच्या घोळात ठेवलं. काबरीनं चोचीनं अंडं चाचपलं, आत ओढलं आणि त्यावर बसली. मालनबाईनं तिच्या चोचीत पाण्याचे दोन थेंब सोडले. एक गिळला, एक बाहेर आला. पालथ्या हातानं ती काबरीच्या मानेवरची पिसं सारखी करत राहिली. काबरीचं अंग हळूहळू सैल पडलं, गळ्यात तो बारीक कुडकुड आवाज सुरू झाला, जो कोंबडी फक्त अंड्यांवर बसल्यावर काढते. तो आवाज चालू असतानाच मालनबाईनं काम केलं. एकदाच, झटक्यात, आणि मग दोन्ही हातांनी तिला घट्ट आवळून धरलं, फडफड पूर्ण थांबेपर्यंत.

पूजा दाराशी पाठ करून उभी होती. "झालं का, आत्याबाई?"

"झालं. ये, धर."

वाळूनं खड्डा सांगितल्याहून खोल खणला होता. कापून खायची गोष्ट त्यानं पुन्हा काढली नाही. काबरीला पिसांसकट, अंड्यासकट ठेवलं. माती लोटल्यावर त्यानं शेताच्या कडेचा एक मोठा दगड रेटत आणून वर बसवला. तो दगड दोघांना हलवणं अवघड होतं, त्यानं एकट्यानं आणला. मग मायलेक खाचरात उतरली.

दुपारी बांधावर ताटं मांडली. नाचणीच्या भाकरी, भात आणि सुकटाचं कालवण. पूजा भाकरी वाटत होती, मालनबाई कालवण. माणसं दमलेली होती, चिखल धुऊन पंक्तीला बसली होती. पलीकडच्या वाडीचा एक तरणा पोरगा ताटाकडं बघून म्हणाला, "वाळूदादा, काल कोंबडी खाल्ली, आज सुकट व्हय? तुमच्या घरी तर गावठी व्हती म्हनं."

वाळूचं तोंड उतरलं. मालनबाई पातेलं घेऊन तशीच उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "व्हती. आजारी पडली म्हनून सकाळी मीच कापली. ती मातीत गेली. माझ्या बांधावर राबनाऱ्याच्या ताटात मी आजारी जनावर वाढनार नाय. सुकट गोड लागत नसंल तर बाबा, मीठ-भाकर देते."

पोरगा ओशाळला.

तेवढ्यात लंकाबाईनं तोंडातला घास गिळला. "ए पोरा, कोनच्या कोंबडीबद्दल बोलतोस ठावं हाय का?" ती म्हणाली. "काबरी व्हती ती. मुंगसाशी भांडलेली. मरायच्या दिवशी बी अंड्याला हात लावू देत नव्हती, बघ, त्या बाईचा हात बघ कसा फोडलाय! तिची अंडी आता माझ्या घरी बसलीत. अख्ख्या गावात दुसऱ्या कुनाकडं नायत. माझ्या घरी हायेत." आणि हे बोलताना तिनं मान अशी ताठ केली होती, की काबरी जन्मल्यापासून तिच्याच दारात वाढली असावी असं वाटावं.

सगळे मालनबाईच्या हाताकडं बघायला लागले. तिनं तो लपवला नाही. उलट पातेलं डाव्या हातात घेतलं, उजव्यानं पळी धरली आणि पंक्तीत पुढं सरकली.

"वाढ अजून," लंकाबाईनं ताट पुढं केलं.

मालनबाईनं वाढलं. तिखट कालवणाचा थेंब उडून जखमेवर पडला, चरचरलं. तिनं हात आवरला नाही. लंकाबाईच्या ताटात तिनं आणखी एक पळी घातली आणि पुढच्या ताटाकडं वळली.